अकरावीच्या ४४ वह्या आणि उत्पन्नाचा रकाना

खडू-फळा (कराड)

मंडळी, आधी झालेली गंमत सांगतो, मग प्रश्न.

मी कराडच्या बाजूला अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना प्रकल्प दिला होता. वहीच्या एका बाजूला घरचं महिन्याचं उत्पन्न, दुसऱ्या बाजूला खर्च. नाव लिहायचं नाही, वहीवर फक्त नंबर. ४४ वह्या आल्या आणि त्यांतल्या ३१ घरांत खर्च उत्पन्नापेक्षा जास्त निघाला. एका वहीत उत्पन्न ९,००० आणि खर्च १७,४००, वर मोटारसायकलचा हप्ता वेगळा. सगळी घरं उसनवारीवर चाललीत म्हणावं तर तसं काही दिसत नाही. मुलं व्यवस्थित जेवतात, मोबाईल माझ्यापेक्षा चांगले वापरतात.

माझं स्वतःचं सोपं आहे. फॉर्म १६ मध्ये, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्यात, रुपया न् रुपया येतो. व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० न चुकता कापले जातात. लपवायचं म्हटलं तरी कुठे लपवणार?

मग थोडं वाचलं तर कळलं की हेच सरकारचंही झालंय. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने १९५० च्या दशकात नवव्या आणि चौदाव्या फेरीत लोकांना उत्पन्न विचारून पाहिलं, पुढे एकोणिसाव्या आणि चोविसाव्या फेरीत पुन्हा विचारलं. दर वेळी लोकांनी सांगितलेलं उत्पन्न हे त्यांचा खर्च आणि बचत यांच्या बेरजेपेक्षा कमीच. शेवटी नाद सोडला आणि खर्चच मोजत राहिले. म्हणजे माझ्या ३१ वह्याच! आता देशभर घरोघरी फक्त उत्पन्नाची पाहणी करायची म्हणून २०२६ साल ठरवलंय.

माझा प्रश्न असा. बारा लाखांपर्यंत आयकर शून्य, शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, व्यवसाय कर अडीच हजारांवर अडकलेला. हे सगळं ठरवताना सरकारच्या टेबलावर नेमकं काय असतं? की तिथेही ४४ वह्याच?

रिटर्नवाला (इचलकरंजी)

सर, टेबलावर आम्ही भरलेली रिटर्नं असतात. आणि ती कशी भरली जातात ते मी २२ वर्षं बघतोय.

आकडे जुने आहेत, पण २०१७ च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटलींनी स्वतः वाचून दाखवले होते म्हणून सांगतो. संघटित क्षेत्रात नोकरीला ४.२ कोटी लोक, पगाराचं रिटर्न भरणारे १.७४ कोटी. असंघटित क्षेत्रातले एकट्याचे धंदे आणि फर्मा मिळून ५.६ कोटी, त्यांची रिटर्नं १.८१ कोटी. पन्नास लाखांच्या वर उत्पन्न दाखवणारे सगळ्या देशात १.७२ लाख. त्याच भाषणात पाच वर्षांत सव्वा कोटीच्या वर मोटारी विकल्या गेल्याचंही होतं. त्यानंतर रिटर्नं वाढली हे खरं. २०२२-२३ मध्ये ७.४० कोटी लोकांनी भरली, पण त्यांतल्या ५.१६ कोटींचा कर शून्य.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो. आमच्याकडे खर्चीवाले यंत्रमागधारक बरेच. व्यापाऱ्याचं सूत आणायचं, कापड विणून द्यायचं, पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घ्यायची. यांचं रिटर्न ४४एडी कलमाखाली जातं. वर्षाची उलाढाल धरायची, बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के एवढा नफा मानायचा. हिशेबाची वही लागत नाही. कायद्याने दिलेली सोय आहे, त्यात गैर काही नाही. पण सर, विचार करा. माग बंद पडून बिचारा तोट्यात गेला तरी ६ टक्के, आणि चौदा टक्के सुटले तरी ६ टक्के. ही लाखो माणसं आकडेवारीत दिसतात तेव्हा दिसतो तो कायद्याचा गुणाकार. त्यांची कमाई कुठे दिसत नाही.

आणि एक गोष्ट ठरलेली. ज्या वर्षी पोराला घर घ्यायचं असतं त्याच्या आदल्या दोन वर्षांत माणसाचं उत्पन्न वाढतं. बँक रिटर्नं मागते ना. सात लाखांपर्यंत सूट होती तेव्हा माझ्याकडे ६ लाख ८०-९० हजारवाल्यांची रांग असायची. आता बारा झाले. यंदाची रिटर्नं भरताना ११ लाख ९० हजारांपाशी गर्दी होणार, लिहून ठेवा.

दप्तर बंद (सातारा जिल्हा)

मास्तर, तुमच्या पोरांनी खोटं लिहिलं असं मनात आणू नका. मी ३४ वर्षं तलाठी होतो. चार तालुके, नऊ साजे (एका तलाठ्याकडची गावं म्हणजे साजा). दाखल्यांसाठी उत्पन्नाचे अहवाल किती लिहिले याची मोजदाद नाही, जून-जुलैत दिवसाला चाळीससुद्धा झालेत. तेव्हा उत्पन्न या विषयावर चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे असं समजतो.

माणूस चावडीत आला की मी पहिला प्रश्न विचारायचो, "कशासाठी पाहिजे?" त्याचं उत्तर आलं की उत्पन्न ठरायचं. संजय गांधी निराधार योजनेसाठी पाहिजे तर २१,००० च्या आत. पोराला आरटीईतून, म्हणजे खासगी शाळेतल्या राखीव मोफत जागेवर, शाळेत घालायचंय तर एक लाखाच्या आत. फी-सवलत, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) असेल तर आठ लाखांच्या आत, तिथे सगळेच बसायचे. मी निवृत्त झाल्यावर लाडकी बहीण आली, तिला अडीच लाख. एकच माणूस एकाच वर्षी आईच्या निराधारसाठी वीस हजारांचा असायचा आणि धाकट्याच्या शाळेसाठी नव्वद हजारांचा. तोच ट्रॅक्टरच्या कर्जाला बँकेत गेला की पाच-सहा लाखांचा. तिसरा कागद माझ्या हातचा नसायचा. पहिले दोन माझेच.

आता तुम्ही म्हणाल, भाऊसाहेब, तुम्ही खरं का लिहिलं नाही? लिहिलं होतं एकदा. नोकरीचं सातवं का आठवं वर्ष असेल. एक विधवा बाई, जिरायत अठरा गुंठे, एकुलता मुलगा पुण्याच्या बाजूला कंपनीत. रेशनकार्ड एकच. मुलाच्या पगाराची चौकशी केली आणि आकडा जसाच्या तसा अहवालात घातला. कागद वर गेला, प्रकरण नामंजूर. मुलगा तिला रुपया पाठवत नव्हता हे गावाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण अहवालात 'मुलगा पैसे पाठवत नाही' असा रकाना नसतो. पुढे वसुलीला त्या आळीत गेलो तर तिने मला ताक दिलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर मी निराधारचा अहवाल कधी खरा लिहिला नाही.

२१,००० चा हिशेब करून बघा. महिन्याला १,७५०, दिवसाला ५८ रुपयांच्या आत. आणि त्या योजनेत आता पैसे मिळतात महिन्याला १,५००, वर्षाचे १८,०००. मर्यादा आणि मदत यांत तीन हजारांचं अंतर. अशा मर्यादेत जिवंत माणूस खऱ्या आकड्याने बसूच शकत नाही. मग गावच्या गावं वीस हजारांची होतात. हे कागद एकत्र करून कोणी जिल्ह्याची सरासरी काढली तर आमचा जिल्हा उपाशी आहे असं निघेल, आणि त्याच जिल्ह्यात दर वर्षी नव्या गाड्यांच्या पासिंगला रांग.

शेतीचं उत्पन्न कसं काढायचो तेही ऐका. आठ-अ, म्हणजे जमिनीच्या खातेउताऱ्यावरून क्षेत्र बघायचं, बागायत किती, जिरायत किती. एकराला एक ठोकळ आकडा सगळ्यांच्या तोंडात बसलेला, त्याने गुणायचं. पीक कोणतं याच्याशी त्या आकड्याला घेणंदेणं नाही. आमच्याकडे आल्याचं पीक होतं. आल्याचा भाव गाडीवर, म्हणजे पाचशे किलोवर बोलतात. गाडी कधी दहा हजारांना जाते, कधी पन्नासच्याही वर चढते. एकाच रानाचं उत्पन्न दोन वर्षांत पाचपट इकडेतिकडे. माझ्या अहवालात ते पंधरा वर्षं एकाच रेघेत चाललंय. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकरी स्वतः रानात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो. चांगलं झालं. कुठल्या गटात काय लावलंय ते तरी नीट कळतं. पण फोटोत भाव दिसत नाही, आणि खताच्या दुकानातली उधारीही दिसत नाही.

पैसेवारीचं, म्हणजे गावात पीक रुपयात किती पैसे आलं या अंदाजाचं, तर सांगायलाच नको. पन्नास पैशांच्या आत आली की सवलती, वर गेली की काही नाही. त्यामुळे पाऊस कमी झालेल्या साली ५१ पैसे लिहिणारा तलाठी गावात कसा राहील ते तुम्हीच सांगा.

माझं म्हणणं एवढंच, मास्तर. आकड्याच्या पाठीमागे सवलत, फी किंवा कर बांधला की तो आकडा त्या दाव्याला बांधलेल्या जनावरासारखा तेवढ्यातच फिरतो. उत्पन्न मोजायचं असेल तर मोजणारा आणि वाटणारा माणूस वेगळा पाहिजे. माझ्याकडे दोन्ही कामं होती.

मण्यांची छाटणी (तासगाव)

आलं का फिरून शेतीवर! सर, नोकरदारांची चर्चा कुठूनही निघाली तरी 'शेतकऱ्याला कर नाही' या स्टेशनावर येऊन थांबते.

माझी तीन एकर द्राक्षबाग. वही बायको ठेवते, म्हणून खात्रीने सांगतो. २०२३ ला सगळं वजा जाऊन ४ लाख १० हजार राहिले. २०२४ ला १ लाख २० हजार. २०२५ ला मे महिन्यात जो पाऊस लागला तो थांबेचना, काडीत घडच तयार झाले नाहीत. औषधं, मजुरी आणि सोसायटीचं व्याज धरून ३ लाख ३० हजार आत गेलो. तीन वर्षांची बेरीज २ लाख. वर्षाला ६६ हजार. मला कोणत्या वर्षी विचारायला येणार आहात? पहिल्या वर्षी आलात तर मी सधन बागायतदार.

सरकारचीच २०१८-१९ ची शेतकरी कुटुंबांची पाहणी आहे. देशात महिन्याला सरासरी १०,२१८ रुपये. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. शेतकरी म्हणून ज्याला मोजलं तो मजूर म्हणून जास्त कमावतोय. यांच्यावर कसला कर लावता?

शेतीचं उत्पन्न दाखवून काळ्याचं पांढरं करणारे वेगळे आहेत. ते कोण हे शोधायला नवी पाहणी लागत नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१९ च्या अहवालात आयकर खात्याची ६,७७८ प्रकरणं तपासली होती. त्यांतल्या १,५२७ मध्ये शेती उत्पन्नाची सूट कागद न तपासताच दिलेली. आधी ते बघा.

रिटर्नवाला (इचलकरंजी)

@मण्यांची छाटणी, दादा, कॅगचा मुद्दा अगदी बरोबर. फक्त एक भर घालतो. शेतीचं उत्पन्न आयकरात अजिबात धरत नाहीत हे पूर्ण खरं नाही. दुसरं उत्पन्न करपात्र असेल आणि शेतीचं ५,००० च्या वर असेल तर दर ठरवण्यापुरतं ते बेरजेत धरतात. १९७२ च्या के. एन. राज समितीनंतर आलेली तरतूद. त्या समितीने जमिनीच्या धारणेवर कर सुचवला होता, तो मात्र बासनात राहिला. राज्यघटनेने शेती उत्पन्नावरचा कर राज्यांकडे दिलाय आणि आमदारकीला उभा राहणारा कोण त्याला हात लावणार?

तुमची तीन वर्षांची सरासरी मला पटते. धंद्यातला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. शेतीत तोटा नोंदवायला वहीच नाही, कारण कर नाही म्हणून कोणी वही मागत नाही.

घंटी वाजवणारी (पुणे)

मी पाहण्यांना फिरते. कंत्राटी. कोणती संस्था ते सांगत नाही, पण दारात काय होतं ते सांगते.

खर्च विचारायला अवघड जात नाही. तेल किती आणता, गॅस किती दिवस पुरतो, पोरांची फी किती. बायका अगदी आठवून आठवून सांगतात, शेजारणीचा भावही सांगतात. मग "घरात महिन्याला किती येतात?" म्हटलं की चेहरा बदलतो. "ते ह्यांना विचारा." हे घरी असले तर म्हणतात, "कशाला पाहिजे? रेशन बंद करणार का?" भाऊसाहेबांचाच प्रश्न, फक्त उलट्या बाजूने. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर रेशनवाला प्रश्न फारच वाढलाय. लाडक्या बहिणीत २६ लाखांवर नावं अपात्र निघाल्याची बातमी घरोघरी पोचलीय ना.

तुम्ही म्हणता त्या उत्पन्न पाहणीची ऑगस्ट २०२५ मध्ये छोटी चाचणी झाली. मंत्रालयाने त्याचा अहवाल लपवला नाही याचं मला कौतुक वाटलं. ९५ टक्के लोकांना प्रश्न नाजूक वाटले, आणि आयकर किती भरता याला जवळपास सगळ्यांनी नकार दिला.

पण माझी खरी अडचण गरिबांकडे नाहीच. झोपडपट्टीत निदान दार उघडतं, कधी चहाही मिळतो. मोठ्या सोसायटीत मी रजिस्टरमध्ये सही करते, वॉचमन वर फोन लावतो, वरून 'नको' येतं. चौदाव्या मजल्यावर काय आहे ते मला कधीच कळत नाही. जुलै २०२५ मध्ये भारत जगातला चौथा सर्वांत समान देश असल्याचं सांगितलं गेलं ते आठवतंय? तो २५.५ चा गिनी निर्देशांक (विषमतेचं माप, शून्य म्हणजे सगळे समान) खर्चावरून काढलेला. श्रीमंत माणूस कमाईच्या मानाने किती खाणार? दोनाच्या चार पोळ्या नाही खात. उरलेलं शेअरमध्ये, जमिनीत जातं, ते आमच्या फॉर्मच्या बाहेर. जागतिक बँकेच्या ज्या टिपणातून तो आकडा घेतला त्याच टिपणात उत्पन्नातली विषमता ६२ असल्याचाही उल्लेख होता, दुसऱ्या एका अभ्यासाच्या आधाराने. २५ आणि ६२! वरच्यांवर कर वाढवावा की नाही हा वाद या दोन आकड्यांपैकी कोणता हातात आहे यावर सुरू होतो आणि तिथेच संपतो.

वरच्या लोकांचं कळायचा एकच रस्ता, आयकर खात्याचे आकडे. ते १९२२ पासून छापले जायचे. २००० च्या सुमारास बंद पडले, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधली सगळी वर्षं, म्हणजे आयटी आणि जमिनीचा पैसा आला तीच, अभ्यासकांना आंधळी. हे मला अजून कळलेलं नाही की छापायला काय जात होतं.

खडू-फळा (कराड)

सगळ्यांचे आभार. भाऊसाहेब, तुमची ताकाची गोष्ट वर्गात सांगू का? गावाचं नाव अर्थातच नाही.

तुमचं वाचून मी प्रकल्प परत केला. या वेळी उत्पन्न हा शब्दच काढून टाकला. त्याऐवजी विचारलं: डेअरीला रोज किती लिटर जातं, ऊस किती टन गेला आणि बिलाचे किती हप्ते आले, मुंबई-पुण्याहून कोणी पैसे पाठवतं का, आई शिवणकाम किंवा पोळ्या-भाजी करते का, घरचं दूध-धान्य किती वापरता. शिवाय दहा मिनिटं घालवून सांगितलं की हे कागद बेरजा झाल्यावर वर्गातच फाडायचे. पहिल्यांदा ३१ घरांत खर्च जास्त होता, आता १२ घरांत. ती ९,००० वाली वही पुन्हा आली. वडील गवंडी, ९,००० तेवढेच त्याने धरले होते. आईची दोन म्हशींची डेअरी त्याने 'आईचं' म्हणून सोडली होती. महिना १९,००० च्या आसपास निघाला. त्या पोराने काहीच लपवलं नव्हतं, त्याला ते उत्पन्न वाटतच नव्हतं.

तासगावच्या दादांचा मुद्दाही घेतला, मागच्या वर्षीचं वेगळं लिहायला लावलं. बहुतेकांना आठवेना. उरलेल्या १२ घरांचं काय करायचं ते मला सुचत नाही.

दप्तर बंद (सातारा जिल्हा)

गोष्ट सांगा, हरकत नाही. बाई आता नाहीत.

बारांतली दोन-चार घरं खरंच उसनवारीवर असतील, ती तशीच राहू द्या. बाकीच्यांत बघा, सोनं गहाण आहे का, आणि भिशी लागली होती का. भिशीचे पैसे आले त्या महिन्यात खर्च वाढतो, आणि पोरं ते उत्पन्नात धरत नाहीत, बरोबरच आहे म्हणा.

आणि म्हशींचा हिशेब एकदा तपासा. डेअरीचं बिल दहा दिवसांचं असतं, तिनाने गुणलंत ना? पेंडीचे पैसे संघ बिलातूनच कापतो. पोराने हातात आलेले सांगितलेत की कापायच्या आधीचे, ते विचारा. त्यात महिन्याला तीन-चार हजारांचा फरक पडतो.